चढावर गिअर आपोआप सुटतो: जुना फ्रिक्शन लिव्हर, मोठं फ्रीव्हील आणि नाशिकचे घाट

तक्रार ठरलेली असते. दिंडोरी, वणी करत नांदुरी गाठली, सप्तशृंगी गडाचा घाट सुरू झाला, लिव्हर पूर्ण ओढून मागची सगळ्यात मोठी चकती लावली. बसून चालवताना सगळं ठीक. एखाद्या वळणावर उभं राहून जोर दिला, की मागे ‘खट्’ आवाज आणि चेन घसरून लहान चकतीवर. पाय जागीच अडकतात, सायकल डगमगते, आणि त्यात मागून एसटी येत असेल तर विचारूच नका. लिव्हर परत ओढला की पुढच्या वळणापर्यंत बरं, मग पुन्हा तेच. पेठ रस्त्याला सावळघाटात हेच, कसाऱ्याहून इगतपुरीला चढताना हेच.

सायकलही साधारण एकाच जातीची असते. ऐंशीच्या दशकातली, स्टीलच्या फ्रेमची, डाउनट्यूबवर, म्हणजे फ्रेमच्या खालच्या तिरक्या नळीवर, दोन लिव्हर असलेली. कुणाला काकांकडून मिळालेली, कुणी भंगारातून उचलून रंगवून घेतलेली. मूळचं पाच चकत्यांचं फ्रीव्हील काढून तिथे सात चकत्यांचं १४–३४ (सगळ्यात लहान चकतीला १४ दाते, मोठीला ३४) बसवलेलं, डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग, नवा आणि लांब पिंजऱ्याचा. लिव्हर मात्र जुनेच, कारण सायकलीची सगळी शोभा त्यांच्यात.

दुकानात नेली की पहिला स्क्रूड्रायव्हर जातो डिरेलरच्या एच आणि एल या दोन बारीक स्क्रूंकडे. ते स्क्रू फक्त दोन्ही टोकांना डिरेलर कुठे थांबावा एवढंच ठरवतात. चेन ३४ वर नीट चढतच नसेल, कडेला घासत बसत असेल, तर एल थोडा सोडायला हवा, हे खरं. पण नीट चढून बसलेली चेन जोर दिल्यावर खाली येत असेल, तर त्या स्क्रूंचा काही संबंध नाही. ते फिरवत बसलात तर मूळ दोष राहतोच, वर चेन स्पोकमध्ये जायची सोय होते.

आधी दोष कुठला ते ठरवा

नेलपॉलिशची बाटली घ्या. मागची मोठी चकती लावून सायकल उभी करा आणि लिव्हरपासून त्याच्या बुडाच्या न फिरणाऱ्या भागापर्यंत एक बारीक आडवी रेघ ओढा, दोन्हींवरून सलग जाईल अशी. वाळू द्या. मग चढावर जा आणि गिअर सुटू द्या. सुटला की लिव्हरला हात न लावता उतरा आणि रेघ बघा.

रेघ तुटून दोन तुकडे वरखाली सरकले असतील, तर लिव्हर घसरतोय. रेघ सलग आहे, पण चेन खालच्या चकतीवर गेली, तर दोष केबल, आउटर (केबलवरचं आवरण), फ्रेमचा लवचिकपणा किंवा हँगर (डिरेलर ज्याला लटकतो तो फ्रेमचा भाग) यांपैकी कशात तरी आहे. रेघ सलग, चेनही त्याच चकतीवर, नुसताच हिसका बसला, तर तो गिअरचा विषयच नव्हे. दाते किंवा चेन झिजलेली आहे. तिन्ही गोष्टी पायाला सारख्याच लागतात, म्हणूनच एवढा गोंधळ होतो.

बहुतेक वेळा रेघ तुटलेलीच दिसते. त्यामुळे लिव्हरवर जास्त बोलतो.

लिव्हर का घसरतो

मागच्या डिरेलरमध्ये स्प्रिंग असते आणि ती सतत चेनला लहान चकतीकडे ओढते. केबल तिला उलटं ओढून धरते. ही रस्सीखेच चोवीस तास चालू असते आणि आपल्या बाजूने दोरी धरून उभं कोण, तर लिव्हरमधले दोनतीन वायसर आणि त्यांच्यातलं घर्षण. क्लिकवाल्या लिव्हरसारखी इथे खाच नसते. मोठ्या चकतीवर स्प्रिंग सगळ्यात जास्त ताणलेली असते, म्हणून लिव्हर सुटायचाच असेल तर नेमका चढावर सुटतो. त्यात इंडेक्स, म्हणजे क्लिकच्या, गिअरसाठी बनवलेल्या नव्या डिरेलरची स्प्रिंग बहुधा जुन्या डिरेलरपेक्षा कडक असते. तुमच्या लिव्हरचे वायसर मऊ स्प्रिंगच्या जमान्यातले आहेत. जोडी तिथेच बिघडली.

पहिला उपाय सगळ्यांना ठाऊक असतो: लिव्हरच्या तोंडावरची कडी धरून स्क्रू आवळायचा. चढाच्या आधी अर्धा फेरा आवळून काम भागत असेल तर ठीक. पण आवळूनही दोनचार वेळा गिअर बदलल्यावर स्क्रू पुन्हा ढिला होत असेल, तर लिव्हर उघडावाच लागेल.

उघडताना खाली पांढरं फडकं अंथरा आणि भाग ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने ओळीत मांडा. कडीचा स्क्रू, टोपी, पत्र्याचा वायसर, प्लॅस्टिकचा किंवा फायबरचा वायसर, मग लिव्हर, त्याच्या आत आणखी एक वायसर आणि शेवटी फ्रेमवरचा खुंट. कंपनीप्रमाणे एखाददुसरा भाग कमीजास्त असतो. यातल्या एका वायसरला चौकोनी भोक किंवा आत वळलेलं बारीक नाक असतं. ते खुंटावरच्या किंवा टोपीच्या खाचेत अडकतं, म्हणजे लिव्हर फिरला तरी तो वायसर फिरत नाही. त्याचं काम एवढंच, की लिव्हरची फिरकी स्क्रूपर्यंत पोचू नये. हा वायसर हरवलेला असला, उलटा बसवलेला असला किंवा त्याचं नाक झिजलेलं असलं, की दर वेळी लिव्हरबरोबर स्क्रूही केसभर फिरतो आणि स्वतःच ढिला होत जातो. भंगारातून आलेल्या सायकलींत हा वायसर बऱ्याचदा गायब असतो आणि त्या जागी कुणीतरी साधा गोल वायसर घातलेला असतो. दिसायला सगळं जागेवर, पण लिव्हर मात्र टिकत नाही.

असा वायसर बनवून घेता येतो. नाशिकच्या अंबड किंवा सातपूर एमआयडीसीत एखाद्या छोट्या वर्कशॉपमध्ये जुना नमुना दाखवा, नमुना नसेल तर खुंट व्हर्निअरने मोजून कागदावर काढून न्या. पितळेच्या किंवा स्टीलच्या पातळ पत्र्यातून करून देतात. खरी अडचण एवढीच, की एका वायसरसाठी मशिन लावायला कुणी खूश नसतं. चार करून घ्या आणि जास्तीचे मित्रांना द्या.

दुसरं कारण तेल. लिव्हर जड लागतो म्हणून कुणीतरी कधीतरी आत तेल सोडलेलं असतं. साध्या फ्रिक्शन लिव्हरचे वायसर कोरडे हवेत. रॉकेलमध्ये धुवा, कोरडे पुसा, प्लॅस्टिकचा वायसर काचेसारखा गुळगुळीत झाला असेल तर बारीक पॉलिश पेपरवर दोनचार फेरे द्या. स्क्रूच्या आट्यांना किंचित ग्रीस चालेल. तेवढंच.

एवढं करूनही लिव्हर धरत नसेल, किंवा धरतो पण ओढायला दोन बोटं पुरत नाहीत, तर दोष दुरुस्तीचा नाही, रचनेचा आहे. साध्या फ्रिक्शन लिव्हरमध्ये घर्षण दोन्ही दिशांना सारखं असतं. स्प्रिंगला रोखण्याइतका आवळला, की ओढताना ते घर्षण आणि स्प्रिंग दोन्ही हातावर येतात. जपानच्या सनटूरने यावर बारीक दात्यांची रॅचेट बसवलेला लिव्हर काढला. ओढताना रॅचेट मोकळी कडकडत जाते आणि हाताला फक्त स्प्रिंगचं वजन लागतं. सोडताना मात्र सगळं घर्षण आडवं येतं. फ्रान्सच्या सिम्प्लेक्सने तेच काम आत गुंडाळलेल्या स्प्रिंगच्या पकडीने साधलं. मला विचाराल तर ३४ च्या फ्रीव्हीलसाठी हे दोनच जुने लिव्हर कामाचे. रॅचेटचा लिव्हर आजही नवा मिळतो, डाया-कॉम्पे अजून बनवते. रॅचेटच्या दात्यांना मात्र पातळ तेलाचा एक थेंब हवा. लिव्हर कडकडत नसेल तर आतला खटका जुन्या ग्रीसमध्ये चिकटला आहे, धुतला की बहुधा जागा होतो.

एवढं मोठं फ्रीव्हील हवंच का?

नाशकात हवं. हिशेब बघा. गिअर इंच म्हणजे पुढचे दाते भागिले मागचे दाते, गुणिले चाकाचा व्यास. २७ इंच धरू. जुन्या रेसिंग सायकलीवर पुढे ४२ आणि मागे जास्तीत जास्त २८ असले, तर सर्वांत हलका गिअर ४०.५ इंच. त्र्यंबक रस्त्याला पुरेल, पण पाठीवर सामान घेऊन गड चढायचा तर गुडघे बोलतील. पुढे ४० आणि मागे ३४ केलं की ३१.८. पुढे तिसरी २८ ची चेनरिंग (पेडलपाशी असलेली चकती) लावली तर २२.२, म्हणजे चालण्याच्या वेगानेही चढता येतं. फ्रेंच टूरिंगवाल्यांनी हे फार पूर्वीच ओळखलं होतं. टीए कंपनीच्या सायक्लोटूरिस्ट क्रँकवर २६ दात्यांपर्यंतची चेनरिंग बसायची.

अडचण आपल्याकडे सहज मिळणाऱ्या मेगारेंज फ्रीव्हीलच्या आखणीत आहे. त्यातले दाते १४, १६, १८, २०, २२, २४ आणि मग एकदम ३४. सहा चकत्या दोनदोनच्या पायरीने आणि शेवटची दहाची उडी. साध्या फ्रीव्हीलवर लिव्हर थोडा घसरला तर चेन खरखर करून कुरकुरते आणि तुम्ही सावरता. इथे घसरला तर ३४ वरून थेट २४ वर, म्हणजे गिअर एका क्षणात चाळीस टक्क्यांहून जास्त जड. लिव्हरचा दोष तोच, शिक्षा मोठी.

डिरेलरही या उडीला पुरणारा हवा. त्याची क्षमता मोजायची तर पुढच्या मोठ्या आणि लहान चेनरिंगमधला फरक, अधिक मागच्या मोठ्या आणि लहान चकतीमधला फरक. ५२/४० आणि १४–३४ ला ३२ दाते. ४८/३८/२८ केलं तर ४०. आखूड पिंजऱ्याचा रेसिंग डिरेलर इथे चालत नाही. जुन्यातलाच हवा असेल तर सनटूरचे लांब पिंजऱ्याचे व्हीजीटी शोधा. तिरक्या समांतरभुजाची रचना या कंपनीने १९६४ मध्ये आणली. त्यात डिरेलर आत सरकताना खालीही सरकतो, म्हणून वरची पुली लहान-मोठ्या प्रत्येक चकतीपासून साधारण सारख्याच अंतरावर राहते. ऐंशीच्या दशकाच्या मध्यात पेटंट संपलं आणि बाकीच्यांनीही तीच रचना उचलली, आज बहुतेक डिरेलर त्याच घराण्यातले. ह्युरेचा ड्युओपार मोठ्या फ्रीव्हीलसाठी प्रसिद्ध होता, पण त्याचे सुटे भाग शोधण्यात आयुष्य जाईल. शिमानोचा अल्टस किंवा एसेरा लावला तर ३४ निवांत चढतं आणि तो कुठेही मिळतो. सौंदर्याचा थोडा बळी जातो, जाऊ द्या.

डिरेलर निवडताना आणखी एक फसगत होते. केबल एक मिलिमीटर ओढली तर डिरेलर किती सरकतो, हे प्रत्येक घराण्याचं वेगळं असतं. शिमानोच्या सात, आठ आणि नऊ गिअरच्या डिरेलरमध्ये ते साधारण १.७ मिलिमीटर. स्रॅमच्या एकास एक गुणोत्तराच्या डिरेलरमध्ये १.१ च्या आसपास. सात चकत्यांच्या फ्रीव्हीलमध्ये दोन चकत्यांतलं अंतर ५ मिलिमीटर, म्हणजे पहिलीपासून सातवीपर्यंत ३० मिलिमीटर. शिमानोला त्यासाठी साडेसतरा मिलिमीटर केबल लागेल, स्रॅमला सत्तावीसच्या पुढे. पाच गिअरच्या काळातला लिव्हर साधारण १३ मिलिमीटरच्या कामासाठी बनलेला. शिमानोचं तो ताणूनतुणून भागवतो, स्रॅमला मात्र लिव्हर फ्रेमला टेकेपर्यंत ओढला तरी ३४ गाठत नाही, किंवा चेन कडेवर बसते आणि जोर दिला की पडते. रेघ सलग आणि तरी गिअर सुटतो अशा प्रकारांत हा एक छुपा भिडू असतो.

रेघ सलग असेल तर

उभं राहून जोर दिला की स्टीलची फ्रेम बॉटम ब्रॅकेटपाशी, म्हणजे पेडलचा आस बसतो तिथे, लवते. केबल तिथूनच खालून वळून मागे जाते, त्यामुळे लवलं की केबलवर ओढ येते आणि सुटली की ढील मिळते. बारीक नळ्यांची हलकी फ्रेम असेल तर जास्त. हे टाळता येत नाही, पण आउटर आणि केबल ठाकठीक असतील तर त्याचा त्रास होत नाही.

आउटर बदललेलं असेल तर कापलेलं टोक बघा. आत गोल गुंडाळलेली तार दिसली तर ते ब्रेकचं आउटर आहे. आपल्याकडे गिअरला सर्रास तेच घालतात, कारण दुकानात तेच गुंडाळ्याने पडलेलं असतं. ताण आला की ते स्प्रिंगसारखं दबतं. गिअरच्या आउटरमध्ये तारा लांबीच्या दिशेने सरळ जातात, ते दबत नाही. डाउनट्यूबच्या लिव्हरला फक्त मागे डिरेलरपाशी एक छोटा तुकडा लागतो, त्यामुळे खर्च नगण्य. उलटी चूक मात्र करू नका: सरळ तारांचं गिअरचं आउटर ब्रेकला कधीही नको, जोरात दाबल्यावर ते फाटू शकतं.

केबल १.२ मिलिमीटरची हवी. दर फेरीला लिव्हर मागच्या वेळेपेक्षा थोडा जास्त ओढावा लागत असेल, तर केबल डिरेलरच्या बोल्टखाली घसरतेय किंवा लिव्हरच्या गाभ्यात तिच्या तारा एकेक करून तुटतायत. केबल बाहेर काढून मुंडीपाशी बोट फिरवा, तुटकी तार असेल तर बोटाला टोचेल. आणि पावसाळ्यात त्र्यंबककडे, पहिनेकडे फिरत असाल तर बॉटम ब्रॅकेटखालची केबलची खाच धुवा. तिथला चिखल वाळून खडा होतो.

हँगरची तपासणी घरच्या घरी होते. मागच्या एक्सलचे आटे आणि डिरेलरच्या हँगरचे आटे बऱ्याच सायकलींवर सारखेच असतात, १० मिलिमीटरचे, १ च्या पिचचे. डिरेलर काढा, दुसऱ्या एखाद्या सायकलीचं मागचं चाक त्याच्या एक्सलने हँगरमध्ये हाताने फिरवून बसवा. आता दोन चाकं शेजारीशेजारी उभी दिसतील. दोन्ही रिममधलं अंतर वर, खाली, पुढे, मागे मोजा. चारही बाजूंना चारपाच मिलिमीटरच्या आत फरक असेल तर फ्रिक्शन गिअरला पुरे. वाकलेला असेल तर त्याच चाकाला धरून हळूहळू सरळ करता येतो, पण फक्त स्टीलचा हँगर. अ‍ॅल्युमिनियमचा वाकवू नका.

पाच गिअरच्या जुन्या फ्रेममध्ये मागे १२० मिलिमीटर जागा असते, सात चकत्यांना १२६ लागते. फ्रेम ताणून हब कोंबलेलं असेल तर दोन्ही ड्रॉपआउट (चाकाचा एक्सल बसतो त्या फ्रेमच्या खाचा) समांतर राहिलेले नसतात आणि हँगर आपोआप तिरका होतो. फ्रेम ताणली की हँगर तपासायचाच. एक्सलच्या नटाखाली पत्र्याचा पंजा अडकवून डिरेलर लटकवलेला असेल, तर त्या पंजाचा नट आधी बघा. तोही जोर दिल्यावर सरकतो आणि सरकला की दोष लिव्हरवर येतो.

चेन झिजली का ते इंचाच्या स्टीलच्या पट्टीवर कळतं. बारा इंचांत चोवीस कड्या अचूक बसल्या पाहिजेत. शेवटची पिन एक अष्टमांश इंच पुढे गेली असेल तर चेन गेली, आणि बहुधा तुमच्या आवडत्या चकत्याही गेल्या. नवी चेन टाकून फक्त काहीच चकत्यांवर हिसके बसत असतील, तर फ्रीव्हील बदला, चेनला दोष देऊ नका.

लिव्हर वर आणायचा असेल तर

वाकून डाउनट्यूबवर हात न्यायचा कंटाळा आलेले बरेच जण लिव्हर हँडलवर आणायला सांगतात. जुना लिव्हर हँडलवर बसवायचा तर क्लॅम्पवर तसाच खुंट हवा, आणि शिमानोच्या पद्धतीचा असेल तर खुंटाचं बूड चौकोनी असतं. लेथवर गोल खुंट करून घेतला तर स्क्रू कितीही आवळा, सगळा लिव्हर जागच्या जागी फिरणार. टर्नरला चौकोन आधी दाखवा. क्लॅम्पचा व्यासही तपासा: सरळ हँडल २२.२ मिलिमीटरचं, वाकड्या ड्रॉप हँडलचा पकडीचा भाग जवळपास २४ चा, त्यामुळे सरळ हँडलचे थंब शिफ्टर (अंगठ्याने चालवायचे लिव्हर) ड्रॉपवर जात नाहीत. लिव्हर वर आला की आउटरचा एक मोठा वळसा वाढतो, म्हणून वर सांगितलेलं सरळ तारांचं आउटर इथे पर्याय नाही, गरज आहे.

क्लिकचाच लिव्हर लावून सुटका करून घ्यायची असेल तर शिमानोचा आठ गिअरचा डाउनट्यूब लिव्हर सात चकत्यांवर बऱ्यापैकी चालतो. आठचा एक क्लिक २.८ मिलिमीटर केबल ओढतो, सातला २.९ हवी. सहा क्लिकमध्ये मिळून चकतीपाशी एक मिलिमीटरचा फरक पडतो, तो मधल्या चकतीवर जुळवून दोन्ही बाजूंना वाटून टाकायचा. शिवाय कडी फिरवली की तो फ्रिक्शनवरही चालतो. हँगर वाकला तरी घरी पोचता येतं.

महाजन बंधूंनी २०१५ मध्ये ज्या नाशिकमधून जाऊन रेस अक्रॉस अमेरिका ही सायकल शर्यत पुरी केली, तिथे कार्बनच्या सायकलीचा मेकॅनिक पटकन मिळतो. वायसरचं नाक ओळखणारा शोधावा लागतो. म्हणून लिव्हर उघडायची वेळ आलीच तर भाग ओळीत मांडल्यावर मोबाइलवर फोटो काढून ठेवा. डावीकडचा लिव्हरही त्याच दिवशी उघडा. पुढच्या डिरेलरलाही स्प्रिंग असते आणि तो घसरला की चेन मोठ्या चेनरिंगवरून लहानवर पडते, तीही बहुधा उतारावर वेग पकडताना. तिथे फरक एवढाच, की फ्रेमपासून बाहेरचा क्रम तोच असला तरी भाग आरशातल्यासारखे दुसऱ्या बाजूला बसतात. दोन्ही लिव्हरचे भाग एकाच वाटीत धुवायला टाकू नका.